सोयऱ्याचं रक्त

“मामे-आतेसुद्धा धरायचं हां त्यात,” काउंटरमागची मुलगी म्हणाली. दक्षताला नव्हे. दक्षताचा फॉर्म केव्हाच भरून तिच्या ट्रेमध्ये पडला होता. ती म्हणाली समोरच्या जोडप्याला, कारण त्यातल्या नवऱ्यानं पेन हवेत धरून विचारलं होतं की रक्ताचं नातं म्हणजे नक्की कुठपर्यंत. “चुलत, मावस, मामे, आते. सगळं रक्ताचंच.” तिच्या छातीवरच्या पट्टीवर रुचिता असं नाव होतं. “आमचं तसलं काही नाही,” नवरा म्हणाला, “आमचं लव्ह मॅरेज.” रुचिता हसली. बायको हसली. एवढंच झालं. एसी घुमत होता तसाच घुमत राहिला, भिंतीवरच्या टीव्हीत आवाज बंद केलेली बाई वांगं भाजत राहिली, खाली राम मारुती रोडवर कुणाची तरी गाडी मागे घेताना पीं पीं करत राहिली. आणि दक्षताच्या मानेखालून, पाठीच्या मधोमध, काहीतरी गार सरकत खाली गेलं आणि कमरेशी थांबलं.

७. पती-पत्नी रक्ताच्या नात्यातील आहेत काय? होय / नाही.

तिनं ‘नाही’वर खूण केली होती. खोटं लिहायचं म्हणून नव्हे, आणि हे आत्ताच्या आत्ता उठून कुणाला तरी सांगावं असं तिला वाटलं. मी खोटं लिहिलं नाही. तिच्या गावी, वडूजच्या पलीकडे, रक्त म्हणजे भावकी. एका आडनावाचे, दहा दिवसांचं सुतक पाळणारे, बांधावरून तीन पिढ्या न बोलणारे, ते रक्ताचे. त्यांच्यात लग्न हा शब्दसुद्धा कुणी काढणार नाही. मामा, आत्याचा नवरा, हे सोयरे. सोयऱ्याकडून मुलगी आणायची, सोयऱ्याला मुलगी द्यायची, त्यासाठीच तर सोयरे. सुदेशच्या आईनं आपल्या सख्ख्या भावाची मुलगी मागितली आणि भावानं दिली, त्यात रक्त कुठून आलं? फॉर्म भरताना सुदेशला तिनं विचारलंही होतं. “सातवा काय लिहू?” मोबाइलमधून मान न काढता तो म्हणालेला, “नाही लिही. मामा काय रक्तातला असतो का? मामा सोयरा.” आणि तिनं लिहिलं. कल्याणच्या कॉलेजात ती प्रवेशाच्या खिडकीवर बसते. जूनमध्ये दिवसाला दोनशे फॉर्म तपासते, चुकीच्या रकान्यात खूण केलेली पोरं रांगेतून परत पाठवते, आधी प्रश्न वाचायचा मग पेन टेकवायचा असं ऐकवून. तिनं प्रश्न वाचला होता. प्रश्नातला एक शब्द फक्त तिच्या घरचा होता, आणि फॉर्म दुसऱ्या घरचा.

उठायचं. आठ पावलं. रुचिताला म्हणायचं, जरा माझा फॉर्म द्या. पण तिच्या डाव्या हाताला सुदेश बसला होता आणि उजव्या हाताला आत्या, त्याची आई. आत्याच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात नाचणीचे लाडू, कारण शहाडहून ठाणं म्हणजे आत्याच्या लेखी अजून परगावच. “खातीस का एक?” तिनं आल्यापासून तिसऱ्यांदा विचारलं. “उपाशीपोटी पोराची हालचाल दिसत न्हाय म्हणं.” “असं कोण म्हटलं?” सुदेश म्हणाला. “तू गप. तुला कळतंय का बाळंतपणातलं?” “तुला तरी काय, एकच तर झाला तुला.”  आत्यानं डब्याचं झाकण दाबून लावलं, आणि ते लागलेलं असतानाही पुन्हा दाबलं.

दहा दिवसांपूर्वी कल्याणला सोनोग्राफी झाली तेव्हा दक्षता एकटीच आत होती. सगळं भराभर चाललं होतं. डोकं, पाठीचा कणा, हे बघा पाऊल, हे मूत्रपिंड. मग डॉक्टरांचा हात थांबला. पोटावरचं ते गार यंत्र एका जागी टेकून राहिलं, किंचित कललं, परत सरळ झालं, परत त्याच जागी कललं. बोलणारा माणूस बोलायचा थांबला की खोलीत किती गोष्टींचा आवाज असतो ते तिला तेव्हा कळलं. पंख्याचा. बाहेर कुणीतरी चप्पल शोधत असल्याचा. “बाळाचं हृदय नीट दिसत नाहीये,” ते म्हणाले. “ठाण्याला एक मॅडम फक्त बाळांच्या हृदयाचंच बघतात. तिथं इको करून घ्या. लवकर.” नीट दिसत नाहीये. दहा दिवस ती त्या तीन शब्दांची घडी घालत होती आणि उलगडत होती. दिसत आहे पण नीट नाही, की नीट आहे पण दिसत नाही? सुदेशला तिनं यातला दुसरा अर्थ सांगितला. आईलाही फोनवर तोच सांगितला. स्वतःशी मात्र ती पहिलाच धरून बसली होती, आणि दहाही दिवस कारण शोधत होती. कारण सापडलं की निदान त्याच्याकडे बघता येतं.

३. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ताप, अंगावर पुरळ?

ताप आला होता. सहाव्या आठवड्यात, जेव्हा दिवस गेलेत हेही तिला माहीत नव्हतं. एकशे दोन. बाळाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं असं तिनं मोबाइलवर वाचलं होतं, म्हणजे ती अंगावर गोधडी ओढून कुडकुडत होती तेव्हाच आत कुणीतरी तांदळाएवढ्या जागेत भिंती घालत होतं, झडपा बसवत होतं. ‘होय’ लिहिलं होतं.

४. मधुमेह? नाही. मग साखर तपासताना दुसरा आकडा काठावर का आला होता? काठावर म्हणजे आत की बाहेर? ५. फिट्सची, मानसिक आजाराची, मुरुमांची औषधं? मुरुमांची. बीएच्या दुसऱ्या वर्षाला साताऱ्याच्या डॉक्टरनं लालसर कॅप्सूल दिल्या होत्या, आणि या घेताना दिवस जाता कामा नयेत असं बजावलं होतं, तेव्हा ती लाजून हसली होती. पण त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं काहीतरी अंगात दडून बसू शकतं का? ६. धूम्रपान, मद्यपान? नाही. पण गच्चीवर सिगारेट ओढून आलेला सुदेश शेजारी झोपतो ते? फॉलिकच्या गोळ्या उशिरा सुरू झाल्या ते? झुरळांचा फवारा तिनं स्वतः मारला होता, ओट्याखाली वाकून, नाकाला पदर न लावता. वारा नदीकडून आला की शहाडला जो वास सुटतो, लहानपणापासून सुट्टीत येऊन ती ज्याला आत्याकडचा वास म्हणायची, तो? दहा दिवसांत तिनं स्वतःवर इतके गुन्हे लावून ठेवले होते की त्यांची जवळजवळ सवय झाली होती. ते तिचे होते. तापाबद्दल पस्तावता येत होतं, फवाऱ्याबद्दल स्वतःला शिव्या देता येत होत्या. पण सातवा प्रश्न असा होता की त्यात तिनं काही केलंच नव्हतं. त्यात ती फक्त जन्मली होती. आणि तो खरा असेल तर चूक एका रात्रीच्या तापाची नव्हती, मग सगळ्याचीच होती. हॉलची, हळदीची, मांडवात नवऱ्याचा मामा म्हणून उभा राहिलेला तिचा बाप आणि सासू म्हणून उभी राहिलेली त्याची बहीण एकमेकांच्या गळ्यात पडून रडले त्याची. सात वर्षांची होती ती. यात्रेत पाळण्यात बसलेली, बाजूला बारा वर्षांचा सुदेश, आणि खालून कुणी चुलता ओरडला होता, “धर रं नीट, तुझीच हाय ती.” सगळी माणसं हसली होती. आजोबा, धोंडिबा, जो तिच्या बापाचाही बाप आणि आत्याचाही, तो सगळ्यात मोठ्यानं हसला होता. 

धोंडिबा. तिच्या मनानं त्याला कागदावर मांडलं, आणि त्याच्यापासून दोन रेघा खाली ओढल्या. एक बापाकडून तिच्यापर्यंत. एक आत्याकडून सुदेशपर्यंत. आणि मग त्या दोन रेघा खाली येऊन परत एकाच बिंदूला मिळत होत्या, बावीस आठवड्यांच्या, वीतभर, आत्ता या क्षणी तिच्या बेंबीपाशी पाय ताणणाऱ्या बिंदूला.

“दक्षता सुदेश,” रुचितानं हाक मारली. उठताना दक्षता काउंटरपाशी क्षणभर थांबली. ट्रेमधला फॉर्म रुचितानं उचलला, पिना मारलेल्या जुन्या रिपोर्टांवर ठेवला आणि आत नेला. हात पुढे केला असता तर पोचला असता. तिनं केला नाही.

मेघाली मॅडम दक्षतापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. केस आखूड, आवाज बसका, आणि एक सवय होती: बोलण्याआधी त्या खुर्ची अर्धा इंच पुढे ओढत. “किती जण आलात? या सगळे, स्टूल घ्या. मावशी, तुम्ही इथे बसा, तुम्हाला दिसेल.” खोली अर्धी काळोखी होती. भिंतीवर येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही ही पाटी तेवढी उजळ. पोटावर जेल पडलं. पडद्यावर राखाडी धुकं हललं, आणि धुक्यात एक चिमूटभर जागा उघडमीट करू लागली. मॅडमनी फॉर्म दिव्याखाली धरून वाचला. “ताप आलेला. बरं. साखर ठीक. नात्यात लग्न नाही. घरात कुणाला जन्मतः हृदयाचं काही नाही.” “माझ्या पप्पांची बायपास झालेली,” सुदेश म्हणाला, “पण ते जन्मतः नाही म्हणून नाही लिहिलं.” “बरोबर केलंत.” फॉर्म बाजूला गेला. खोलीत फक्त बटणांची टिकटिक राहिली. चित्र थांबे, त्यावर रेघ येई, मोजमाप होई, चित्र पुन्हा धावू लागे. दहा मिनिटं. पंधरा. तोच थांबलेला हात. तीच जागा.  “आत्या, पाणी आहे का?” दक्षतानं विचारलं.

“साताऱ्याकडच्या ना तुम्ही?” पडद्यावरून नजर न काढता मॅडम म्हणाल्या. “माझ्या वहिनीपण कराडच्या. त्यापण सासूला आत्याच म्हणतात. सासऱ्यांना मामा. मला सुरुवातीला कळेचना कोण कुणाचं कोण.”

सुदेश हसला. आत्याही हसली, हातात पाण्याची बाटली धरून. दक्षताला दिसलं की खरं सांगायचं दार आत्ता बाहेरून बंद झालं, आणि ते तिनं बंद केलेलं नव्हतं. तिच्या गावातल्या प्रत्येक सुनेनं रोज उंबऱ्यात उभं राहून मारलेल्या हाकेनं केलं होतं. खरी आत्या त्या हाकेच्या गर्दीत अशी मिसळून गेली होती की आता कुणी विचारणारही नव्हतं. गप्प बसलं तर गप्प बसणंसुद्धा कुणाला दिसणार नव्हतं. पाण्याचा घोट घेतला. तो खाली उतरला. बाळानं बहुधा कूस बदलली, कारण पडद्यावरची ती उघडमीट सटकली आणि मॅडम यंत्र घेऊन तिच्या मागे गेल्या.

“या माझ्या खऱ्या आत्या आहेत,” दक्षता म्हणाली.

टिकटिक थांबली.

“म्हणजे माझ्या वडिलांच्या सख्ख्या बहीण. आमचं मामे-आतेचं आहे. मी फॉर्मवर नाही लिहिलंय, ते चुकलंय.”

“अगं, मी बोललेलो ना,” सुदेश म्हणाला, “ते रक्ताचं विचारतायत.”

“तेच आहे ते. रक्ताचंच आहे.”

मॅडमनी खुर्ची अर्धा इंच पुढे ओढली. “सांगितलंत ते चांगलं केलंत. नीट ऐका पण. मामे-आते लग्न झालं म्हणून असं होतंच असं नाही. अशा बहुतेक जोडप्यांची बाळं ठणठणीत असतात. धोका थोडा वाढतो, एवढंच. मला ते एवढ्यासाठी हवं असतं की मग मी घरातलं जरा खोलात विचारते. तुमच्या दोघांच्या घरात, म्हणजे एकच घर की तुमचं, कुणी बाळ लहानपणी गेलेलं? दूध पिताना दमायचं, वजन वाढत नव्हतं, ओठ निळे पडायचे, असं काही?”

“नाही,” सुदेश म्हणाला.

मॅडमनी बटण दाबलं. राखाडी धुक्यात रंग भरले. लाल ठिणग्या, निळ्या ठिणग्या, एकीत एक मिसळणाऱ्या, एका जागी पिवळट भोवरा. आत्या स्टुलावरून पुढे वाकली. “ते निळं काय हाय?” तिनं विचारलं. आवाज तिचा नव्हता. “काही नाही मावशी, मशीनचा रंग आहे. रक्त आपल्याकडं येत असलं की लाल दाखवतं, लांब जात असलं की निळं. निळं म्हणजे वाईट असं नाही.” आत्या तशीच वाकून बघत राहिली. पिशवी तिच्या मांडीवरून घसरली, डबा फरशीवर आपटला, आणि कुणीच तो उचलला नाही.

“माझी जनी निळी पडायची,” ती म्हणाली.

“मम्मी,” सुदेश म्हणाला.

“तुझ्या आधीची. चार म्हयने जगली. तुला म्हाईताय एक व्हती म्हणून, कशी व्हती ते कुणी सांगिटलं न्हाय.” ती सुदेशशी बोलत नव्हती, मॅडमशीही नव्हे. ती पडद्याशी बोलत होती. “रडायला लागली का ओठ, नखं, सगळं निळं. कंपनीच्या साहेबांचे शर्ट आणायची मी धुवायला, चाळीत. पांढरे शर्ट. नीळ घालाय लागायची. सासूबाई म्हणल्या, पोटुशी असून दिसभर निळीत हात घालून बसली, ती नीळ पोटात उतरली. हिच्या हातानंच पोर निळी झाली.” तिनं स्वतःचे हात उलटे करून बघितले. “बेचाळीस वर्सं झाली. त्यानंतर आठ वर्सं पोटाला काय न्हाय. म्या नीळ कधी घरात आणली न्हाय परत. ह्यांचे शर्ट पिवळे दिसायचे, लोक हसायचे, पर न्हाय आणली.”

दक्षताला आठवले ते शर्ट. सुट्टीत आली की दोरीवर वाळणारे, साईच्या रंगाचे. मामांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, पांढरं आवडत नाही असं ती लहानपणी समजली होती. तेव्हा ती आत्याला तू म्हणायची. लग्नाच्या दिवशी आईनं कानात सांगितलं, आता तुम्ही म्हण गं, सासू आहे. आणि एका संध्याकाळीत तो तू असा गेला की त्याच्याबरोबर कायकाय गेलं ते कुणी मोजलं नाही. विचारायचं राहिलं. सांगायचं राहिलं. जनी त्या तुम्हीच्या पलीकडे राहिली.

“आत्या,” ती म्हणाली, “तू बस. मागे सरकून बस, पडशील.”

“निळीनं असं होत नाही मावशी,” मॅडम म्हणाल्या. आवाज तसाच बसका होता, पण सावकाश झाला होता. “कुठल्याच निळीनं होत नाही. तिचं हृदय आतूनच वेगळं घडलेलं असणार. मी तिला पाहिलं नाही, त्यामुळे छातीठोक नाही सांगणार. पण तुमच्या हातांनी झालं नाही.”

आत्यानं मान हलवली. कळल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

मग मॅडमनी चित्र थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. इथे दोन खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीला छिद्र आहे. मोठं. इथून फुप्फुसांकडे जाणारा रस्ता अरुंद आहे. हे दोन्ही एकत्र असलं की बाळ जन्मल्यावर कमी-जास्त निळं पडू शकतं. ऑपरेशन होतं, साधारण वर्षाच्या आत, आणि चांगल्या ठिकाणी झालं तर बहुतेक मुलं शाळेत जातात, धावतात. बाळंतपण कुठं ठरवलंय? माहेरी, वडूजला, सुदेश म्हणाला. नाही, मॅडम म्हणाल्या, जिथं बाळांच्या हृदयाचे डॉक्टर असतील तिथंच. त्याआधी गर्भजलाची तपासणी करू, जनुकांचं काही सोबत आहे का ते कळेल. त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. आणि एक सांगणं माझं काम आहे म्हणून सांगते. तुम्ही बाविसाव्या आठवड्यात आहात. थांबायचं असेल तर कायद्यानं चोवीसपर्यंत वेळ आहे, त्यानंतर सरकारी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. पुढं न्यायचं असेल तर मी आहे. मी दोन्हींतलं कुठलंच सुचवत नाहीये. ती वाक्यं दक्षतापर्यंत एकेक करून पोचली, मध्ये मोकळी जागा ठेवून, रुक्ष छापील प्रश्नांसारखी. “पण कशामुळे?” तिनं विचारलं. “ताप? की हे, आमचं?” “माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “बहुतेक वेळा आम्हाला एक कारण दाखवता येत नाही. तुम्हाला पाहिजे आहे ते कळतंय मला. नाहीये माझ्याकडे.”

दक्षतानं पोटावरचं जेल पुसलं. कागद फाटून चिकटत होता, तिनं दुसरा घेतला. सुदेश डबा उचलत होता, झाकण उघडून लाडू फरशीवर गेले होते, तो ते एकेक गोळा करत होता आणि गुडघ्यावर बसल्या बसल्याच थांबला होता, हातात एक फुटका लाडू घेऊन. “मामाला काय सांगायचं?” त्यानं कुणालाच न बघता विचारलं. ती त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. तिला त्याचा राग आला नाही आणि कीवही आली नाही. आपल्या दोघांना एकच आजोबा आहे, एवढंच पहिल्यांदा, अंगाला कपडा टोचावा तसं, जाणवलं.

बाहेर बाकावर तिघं बसली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. रुचितानं तपासणीची तारीख लिहिलेला कागद आणून दिला आणि गेली. सुदेश गाडी बोलावतो म्हणाला आणि मोबाइल हातात धरून नुसताच बसला. टीव्हीवर आता कुणीतरी हवामान सांगत होतं. आत्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी फार जुनं सामान हलवलं होतं आणि ते कुठं ठेवायचं हे ठरलं नव्हतं.

“आत्या,” दक्षता म्हणाली. “जनी निळी पडली की काय करायचीस तू?”

आत्यानं वळून बघितलं. प्रश्नात काय आहे ते तिला पुरतं कळलं. मग तिनं रिकामी कापडी पिशवी उचलली, गुंडाळली आणि छातीशी धरली. “सुरवातीला काय कळायचं न्हाय. सगळी पाठ थोपटायची. मंग एकदा म्या अशीच पोटाशी घट्ट घेतली भीतीनं, तर गुडघं तिच्या छातीला लागलं. आन् उतरलं. निळं उतरलं. मंग दरवेळी तसंच करायची.” तिनं पिशवीचा खालचा भाग हातानं दुमडून वर दाबला. “असं. पाय मोकळं सोडायचं न्हाय. गुडघं वर, छातीला टेकवायचं. डोकं हितं, कोपरात. आन् आपण हलायचं न्हाय. आपण घाबरलं तर तिला कळतंय.”

“परत दाखव.”

आत्यानं परत दाखवलं. मग ती गुंडाळलेली पिशवी तिनं दक्षताच्या हातांत दिली. दक्षतानं ती कोपरात घेतली, खालून तळवा लावला आणि वर दुमडली.

“लई आवळलीस,” आत्या म्हणाली, आणि तिची बोटं हातानं सैल केली. “श्वासाला जागा ठेव. हां. आता तशीच धर.”